कातडी मऊ पडतेय, मग फुफ्फुसासाठी औषध कशाला?

बहिणीबद्दल तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते. वय ३८. दोन वर्षांपूर्वी गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडायला लागली. सहा-सात महिन्यांत हात सुजल्यासारखे झाले, अंगठी निघेना. मग कातडी ताठ होत कोपराच्या वर दंडापर्यंत आणि छातीवर पोहोचली. रक्तात एएनए आणि एससीएल-७० (स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. निदान सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि आतले अवयव ताठ करणारा आजार. गेल्या तीन महिन्यांत कातडी जरा मऊ वाटते. खोकला नाही, दम लागत नाही. पण एचआरसीटीच्या (फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनच्या) रिपोर्टवर ‘एनएसआयपी’ असं लिहून आलं, हा फुफ्फुसातल्या सूज-व्रणाचा एक नमुना. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा, अपेक्षेच्या ७४ टक्के, डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याचं माप, ५८ टक्के, आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायला सांगितलं. घरच्यांचं म्हणणं असं की त्रास उतरणीला लागलाय, तर आता इतकं जड औषध कशाला.

मी बहिणीला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही दिलेल्या माहितीवर माझं मत विचाराल तर औषध सुरू करा, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका. या आजारात कातडी आणि फुफ्फुस एकाच वेळापत्रकाने चालत नाहीत. कातडी सुधारली म्हणून फुफ्फुसही सुधारत असेल, हा अंदाज मी अनेक घरांत ऐकला आहे आणि त्यापायी गेलेली वर्षं परत आणता आलेली नाहीत.

सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, आणि जखम भरून काढणाऱ्या पेशी थांबायचं विसरल्यासारखं कोलॅजन बनवत राहतात. बोटं पांढरी पडणं ही पहिल्या गोष्टीची खूण, एससीएल-७० ही दुसरीची, ताठ कातडी ही तिसरीची. प्रक्रिया सगळीकडे तीच, पण ज्या अवयवात ती घडते त्याची माफ करण्याची ताकद वेगळी असते. कातडीतलं जास्तीचं कोलॅजन शरीर हळूहळू झिजवून पुन्हा रचू शकतं. फुफ्फुसातल्या वायुकोशांची भिंत कागदाहून कितीतरी पातळ असते, तिच्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. तिथे एकदा व्रण पक्का झाला की तो तसाच राहतो. औषध त्याच्या पुढचा व्रण थांबवू शकतं, झालेला पुसू शकत नाही.

आता कातडीबद्दल नीट सांगते, कारण ती दिसते आणि म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात. सुरुवातीला सूज असते: बोटं फुगीर, सकाळी मूठ वळत नाही, खाज प्रचंड. खाजेकडे डॉक्टरही दुर्लक्ष करतात, पण ती आजार जोमात असल्याची खूण असू शकते. मग कातडी जाड आणि घट्ट होते, चिमटीत धरता येत नाही, केस आणि घाम कमी होतो, रंग काळवंडतो आणि मधूनमधून मीठ-मिरी शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. सावळ्या अंगावर हे ठिपके फार ठळक उठतात आणि पुष्कळ रुग्ण आधी कोडाची औषधं लावून आलेले असतात. कोपर-गुडघ्यांच्या वर किंवा धडावर पसरणाऱ्या प्रकारात, म्हणजे बहिणीला आहे त्या ‘डिफ्यूज’ प्रकारात, ही घट्टपणाची चढण साधारण पहिल्या काही वर्षांत माथ्यावर पोहोचते. त्यानंतर कातडी आपसूकच मऊ व्हायला लागते, बहुतेकदा आधी धडावर आणि दंडावर, सगळ्यात शेवटी बोटांवर. औषध न घेतलेल्यांतही हे होतं.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. याच गुणधर्मामुळे या आजारात अनेक औषधांना नसलेलं श्रेय मिळालं. पेनिसिलामाइन वर्षानुवर्षं वापरलं गेलं, कातडी मऊ होताना दिसायची. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठा डोस आणि अगदी नाममात्र डोस यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत फरक निघाला नाही. म्हणून बहिणीची कातडी तीन महिन्यांत मऊ वाटते याचा मला आनंद आहे, पण त्यावरून आजार शमला असं मी म्हणणार नाही. दुसरीही शक्यता असते: उशिराच्या टप्प्यात कातडी पातळ होऊन हाडाला चिकटते आणि तेही हाताला ‘कमी जाड’ लागतं.

आम्ही हे मोजतो ते रॉडनन स्कोअरने. शरीराच्या १७ जागांची कातडी चिमटीत धरून प्रत्येक जागेला ० ते ३ गुण, एकूण ५१ पैकी. यंत्र काही नाही, फक्त बोटं. त्यामुळे दोन-तीन गुणांचा फरक तपासणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. शक्यतो दर वेळी एकाच डॉक्टरने मोजावा आणि आकडा फाइलवर लिहून घ्यावा. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ‘२४ वरून १७’ हे उपयोगी.

कातडी फुफ्फुसाचा आरसा नसली तरी ती काही गोष्टी सांगते. किती वर चढली यावरून प्रकार कळतो, किती वेगाने चढली यावरून कोणत्या अवयवावर आधी लक्ष ठेवायचं ते कळतं. वेगाने पसरणाऱ्या डिफ्यूज प्रकारात सुरुवातीची वर्षं मूत्रपिंडासाठी धोक्याची असतात: रक्तदाब अचानक चढतो आणि काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. घरी बीपीचं मशीन घ्या, आठवड्यातून दोन-तीनदा मोजा आणि लिहून ठेवा. नेहमीच्या आकड्यापेक्षा वरचा ३० ने किंवा खालचा २० ने वाढला, किंवा १४०/९० ओलांडला, तर थोडं थांबून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोकेदुखी किंवा अंधुक दिसण्याची वाट बघू नका. एकेकाळी या आजारातले सर्वाधिक मृत्यू मूत्रपिंडामुळे होत. एसीई इन्हिबिटर गटाची रक्तदाबाची औषधं आली आणि चित्र बदललं. आज पहिल्या क्रमांकावर फुफ्फुस आहे, व्रणामुळे किंवा फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या वाढलेल्या दाबामुळे.

मूत्रपिंडाच्या याच धोक्यामुळे स्टेरॉइडची गोळी कुणी सहज लिहून दिली तर घेऊ नका. दिवसाला १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोनने (हे नेहमीचं स्टेरॉइड) मूत्रपिंडाचा तो झटका येण्याचा धोका वाढतो. स्कॅनवर फुफ्फुसात व्रणाची जाळी दिसली की स्टेरॉइड, ही सवय इतर आजारांतून आलेली आहे. या आजारात ती पहिली पायरी नाही.

आता फुफ्फुस. ‘दम लागत नाही’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि ते खोटं नसतं. पण फुफ्फुसाची क्षमता इतकी शिलकीत असते की बरंच गमावल्यावर जाणीव होते. शिवाय माणूस नकळत आपला वेग कमी करतो. म्हणून मी दम लागतो का हे विचारतच नाही. मी विचारते, गेल्या वर्षी सहज करत होता आणि आता टाळता असं काय आहे? एका रुग्णाने शांतपणे सांगितलं होतं की वरच्या मजल्यावरचं कपाट तिने खाली आणून घेतलं, बाकी काही नाही. तिची एफव्हीसी तेव्हा ६० च्या घरात होती. बहिणीला हा प्रश्न विचारून पाहा, आणि तिच्यासोबत राहणाऱ्यांनाही.

छातीवरची कातडी आवळल्यामुळे श्वास कमी पडतो, असंही बऱ्याच जणांना वाटतं. आवळल्यासारखं जाणवतं हे खरं, पण त्याने एफव्हीसीचा आकडा लक्षणीय घटणं क्वचितच घडतं. आकडा घटला असेल तर कारण आत शोधायचं. स्टेथोस्कोप पाठीवर, खांद्याच्या पात्यांखाली ठेवला तर श्वास आत घेताना व्हेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखा आवाज येतो. पण लवकरच्या टप्प्यात तोही नसतो, आणि साधा एक्स-रे तर बराच काळ निर्मळ दिसतो. म्हणून निदान झालं की लक्षणं असोत नसोत, कातडी थोडी असो की फार, प्रत्येकाचा एकदा एचआरसीटी आणि एकदा पूर्ण पीएफटी (नळीत फुंकून करायची फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी) व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. सरसकट एचआरसीटी केला तर निम्म्याहून अधिक रुग्णांत काही ना काही बदल सापडतात. सगळ्यांचे वाढत जात नाहीत. कोणाचे वाढतील हे ओळखणं हेच खरं काम.

बहिणीच्या बाबतीत धोक्याकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: डिफ्यूज प्रकार, एससीएल-७० पॉझिटिव्ह, आजाराची पहिलीच काही वर्षं आणि आधीच कमी झालेली एफव्हीसी. एनएसआयपी हा या आजारातला सर्वांत नेहमीचा नमुना, फुफ्फुसाच्या तळाशी धूसर काचेसारखे डाग आणि बारीक जाळी. रिपोर्टवर फुफ्फुसाचा किती भाग व्यापलाय हे लिहिलेलं नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारा. २० टक्क्यांच्या पुढे असेल तर आम्ही त्याला विस्तृत म्हणतो. नजरेने ठरवणं कठीण गेलं तर एफव्हीसी ७० च्या खाली की वर हे बघतो. ७४ म्हणजे ती रेषेच्या वर आहे, पण रेषेपासून लांब नाही. कोणी म्हणेल, मग सहा महिने थांबून बघू. वय ७० असतं, आजाराला पंधरा वर्षं झाली असती आणि आकडे स्थिर असते, तर मीही थांबले असते. इथे थांबणं म्हणजे सर्वाधिक व्रण होण्याच्या काळात हात बांधून बसणं.

एफव्हीसीच्या टक्क्यांबद्दल एक गोष्ट कुणी समजावून सांगत नाही. ८० च्या वर ‘नॉर्मल’ असं छापलेलं असतं. पण एखाद्याची मूळची ११५ असेल आणि ती ८५ वर आली, तर चौथ्या हिश्शाहून जास्त क्षमता गेली आणि रिपोर्ट मात्र नॉर्मलच म्हणेल. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला उतार बघायचा. एफव्हीसी मूळ मूल्याच्या १० टक्क्यांनी घटली, किंवा ५ ते १० टक्क्यांनी घटली आणि सोबत डीएलसीओ १५ टक्क्यांनी उतरला, तर आजार पुढे सरकला असं धरायचं.

डीएलसीओ म्हणजे वायुकोशातून रक्तात वायू किती सहज जातो त्याचं माप. तो व्रणामुळे घटतो, रक्तवाहिन्या आकसल्यामुळे घटतो, आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरीही घटतो. त्यामुळे त्याच दिवसाचं हिमोग्लोबिन लॅबला सांगा. बहिणीचे दोन्ही आकडे सोबतीने उतरलेले दिसतात. एफव्हीसीला डीएलसीओने भागलं तर १.३ च्या आसपास येतं. हा भागाकार १.६ च्या वर गेला, म्हणजे एफव्हीसी ठीक आणि डीएलसीओ मात्र कोसळलेला, तर माझं लक्ष फुफ्फुसाच्या धमनीतल्या दाबाकडे वळतं. तो दाब एससीएल-७० ऐवजी सेंट्रोमिअर अँटिबॉडी असलेल्या, कातडी फक्त बोटा-चेहऱ्यापुरती ताठ असलेल्या रुग्णांत जास्त दिसतो, आणि तोही वर्षानुवर्षांनी. ‘मर्यादित’ प्रकार म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना तो गाठतो. बहिणीलाही दरवर्षी टू-डी इको आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) करावं लागेल. शंका आली तर हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर घालून दाब मोजल्याशिवाय निदान पक्कं करता येत नाही. इको फक्त संशय दाखवतो.

दोन बारीक अडचणी, ज्यामुळे चांगले आकडे चुकतात. तोंडाभोवतीची कातडी आवळली की पीएफटीच्या नळीभोवती ओठ घट्ट बसत नाहीत, हवा गळते आणि एफव्हीसी खोटीच कमी येते. तंत्रज्ञाला आधी सांगून लहान तोंडाची नळी मागावी. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: या रुग्णांची बोटं गार, रक्तपुरवठा अपुरा, त्यामुळे यंत्र ८६ दाखवतं आणि घरात धावपळ होते. कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर लावायचा सेन्सर वापरा.

मायकोफेनोलेटच का, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. २००६ मध्ये १५८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली: वर्षभर सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या जुन्या औषधाच्या गोळ्या विरुद्ध नुसती साखरेची गोळी. एफव्हीसीत फरक पडला, पण जेमतेम अडीच टक्क्यांचा, आणि औषध थांबवल्यावर पुढच्या वर्षभरात तोही विरत गेला. २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत १४२ रुग्ण होते: दोन वर्षं मायकोफेनोलेट किंवा एक वर्ष सायक्लोफॉस्फामाइड. दोन्ही गटांत एफव्हीसी सुधारली आणि कातडीचा स्कोअरही उतरला, पण मायकोफेनोलेट लोकांना खूपच सोसवलं. तेव्हापासून बहुतेक जण त्यानेच सुरुवात करतात, मीही. साधारण ५०० मिलिग्रॅम दोन वेळा इथून सुरू करून जमेल तसं वाढवत दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत नेतो. मळमळ, जुलाब होतात. डोस सावकाश वाढवला तर बहुतेकांना जमतं. रक्तातल्या पेशी आणि यकृताच्या चाचण्या सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी, फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवाली आम्लपित्ताची औषधं याच्यासोबत एकाच वेळी घेऊ नका, शोषण कमी होतं.

बहिणीचं वय ३८ आहे, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवं. या औषधावर असताना गर्भ राहिला तर बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. सुरू करण्याआधी गर्भचाचणी, चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन, आणि मूल हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी थांबवून दुसऱ्या औषधाची आखणी. हे तिच्याशी एकटीशी बोलायला डॉक्टरांना वेळ मागा. घरच्या घोळक्यात हा प्रश्न नीट विचारला जात नाही.

एवढं करूनही आकडे उतरत राहिले तर पर्याय आहेत. व्रणाचा वेग कमी करणाऱ्या निंटेडॅनिब या औषधाची चाचणी २०१९ मध्ये ५७६ रुग्णांवर झाली: वर्षाला एफव्हीसी ९३ मिलिलिटरने घटायची ती ५२ ने घटली. जवळपास निम्मे रुग्ण सोबत मायकोफेनोलेट घेत होते. जुलाब मात्र चारपैकी तिघांना. आणि कातडीवर काहीही परिणाम नाही. टोसिलिझुमॅब या इंजेक्शनची गोष्ट आणखी बोलकी आहे. चाचणी आखली होती कातडीसाठी. तिथे ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही, पण औषध घेणाऱ्यांची एफव्हीसी टिकून राहिली, आणि मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) ते फुफ्फुसासाठी मंजूर केलं. उलट मेथोट्रेक्झेट हे दुसरं औषध कातडीला थोडंफार उपयोगी पडतं, पण फुफ्फुसासाठी आम्ही त्यावर विसंबत नाही. घरच्यांना समजावताना ही उदाहरणं सांगा. एकाच माणसाच्या अंगात एक औषध एका अवयवावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, तर एका अवयवाच्या सुधारण्यावरून दुसऱ्याचा हवाला कसा द्यायचा?

रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शनही वापरलं जातं आणि काही रुग्णांत मी त्याचा चांगला उपयोग पाहिला आहे. स्टेम सेल प्रत्यारोपण हा निवडक, वेगाने बिघडणाऱ्या, पण हृदय अजून धडधाकट असलेल्या रुग्णांचा मार्ग आहे. दीर्घकाळात त्याने जीव वाचतात. पण २०१४ च्या युरोपीय चाचणीत प्रत्यारोपण गटातल्या ७९ पैकी ८ जण पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले. आज बहिणीसाठी तो विषय नाही.

औषधाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद होतील. ७४ ची ७४ राहिली तर औषध काम करतंय. ७७ झाली तर फार छान. ९० होणार नाही.

आम्लपित्ताकडेही लक्ष द्या. या आजारात अन्ननलिका ढिली पडते, त्याच एचआरसीटीवर ती रुंदावलेली बऱ्याचदा दिसते. रात्री आम्ल वर येऊन थेंबाथेंबाने श्वासनलिकेत उतरतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा (नुसत्या जास्तीच्या उशीने पोट दुमडतं), जेवण आणि झोपेत तीन तासांचं अंतर ठेवा. तंबाखू कुठल्याही रूपात बंद.

कातडीसाठी कोमट पाणी, सौम्य साबण, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच भरपूर मलम. बोटं सरळ ताणायचा आणि तोंड मोठं उघडायचा व्यायाम दिवसातून दोनदा. कातडी मऊ झाली तरी आखडलेले सांधे आपोआप सुटत नाहीत, म्हणून हा व्यायाम आत्ता, मऊ होण्याची वाट न बघता. गारठ्यात नुसते हातमोजे पुरत नाहीत, धडही उबदार हवं. बोटाच्या टोकाला जखम झाली किंवा टोक काळं पडू लागलं तर तो तातडीचा विषय.

पुढची पीएफटी तीन ते चार महिन्यांनी करा, जमलं तर त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर. आणि जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या, टक्क्यांसाठी नव्हे, लिटरच्या आकड्यासाठी. टक्के काढायचं सूत्र लॅबप्रमाणे बदलतं, लिटर बदलत नाही.